पानशी कधी टाकायची?

आजोबांच्या वहीत पॅन्सीचं नाव 'पानशी' असं आहे.

लाल पुठ्ठ्याची ही वही मला २०२१ मध्ये घराचा माळा आवरताना सापडली. तेव्हा पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच चालू होतं. मी नाशिकला परत आलो होतो आणि दोन मीटिंगच्या मधल्या वेळात आईने सांगितलेली कामं उरकत होतो. आजोबा देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्यावर माळी होते. शाळा चौथीपर्यंत. वहीत खताच्या गाड्यांचे हिशेब आहेत, उसने दिलेले पैसे आहेत, आणि जवळजवळ दर वर्षी एक ओळ आहे : 'दसरा झाला. पानशी टाकली.' पुढे कधी 'उगवली', कधी 'पाऊस आला, गेली', एकदा 'मुंगीने नेली'.

टाकली म्हणजे रोप टाकलं, बी पेरलं. मी कोड लिहिणारा माणूस. मला ती ओळ वाचून वाटलं, चला, तारीख मिळाली. ऑनलाइन बियांचं पाकीट मागवलं, प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरलं आणि दसऱ्यानंतर तीन दिवसांनी गच्चीवर चाळीस बिया टाकल्या. सात उगवल्या. त्यातल्या पाच आठवडाभरात मानेत मोडल्या. पुढच्या वर्षी एकही उगवली नाही. मी बियांच्या पाकिटाला शिव्या घातल्या, कोकोपीट बदललं, यूट्यूबवरच्या काकांचं ऐकून दालचिनीची पूड टाकली.

तारखेवर मला संशय आला नाही. तारीख आजोबांची होती.

मग मी पॅन्सीबद्दल वाचायला लागलो आणि लक्षात आलं की आपल्याकडे या फुलाचा इतिहास म्हणजे 'कधी टाकायची?' या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

मांजराच्या मिशा

पॅन्सी तुम्ही पाहिलेली असते, नाव माहीत नसतं. जानेवारी-फेब्रुवारीत गंगापूर रोडवरच्या नर्सऱ्यांत काळ्या पिशव्यांमध्ये ठेवलेली असते. वीतभर झाड, पाच पाकळ्या, पिवळा-जांभळा-मरून असा रंग आणि मधोमध गडद डाग. लांबून ते फूल रुसलेल्या माकडासारखं दिसतं. व्हायोला हे तिचं लहान भावंड. फुलं छोटी पण भरपूर, आणि ऊन थोडं जास्त सोसणारी.

हे कुळ आपल्याला अगदीच परकं नाही. खोकल्याच्या काढ्यात पडणारा बनफशा म्हणजे याच कुळातलं एक सुगंधी फूल. युनानी वैद्यकातून आलेलं, काष्ठौषधींच्या दुकानात अजूनही वाळलेलं मिळणारं. काश्मीरमध्ये ते आपोआप उगवतं, अशी नोंद बादशहा जहांगीराने आठवणींत करून ठेवली आहे. आपल्या माळरानावर पावसाळ्यात उगवणारा रतनपुरुषही याच कुळातला. एकच मोठी जांभळट गुलाबी पाकळी खाली लोंबते, बाकीच्या शोधाव्या लागतात. रतनपुरुषाला कोणी तारीख सांगत नाही. पाऊस पडला की तो येतो.

पॅन्सी मात्र माणसाने घडवलेली आहे, आणि तीही अलीकडे. इंग्लंडमध्ये १८१० च्या दशकात दोन बागांत हे काम सुरू झालं. टेम्स नदीकाठच्या वॉल्टन गावी लेडी मेरी बेनेट आणि त्यांचा माळी विल्यम रिचर्डसन यांनी रानटी फुलांचे वेगवेगळे नमुने एकत्र लावून त्यांतून निवड सुरू केली. त्याच सुमाराला आयव्हर गावात निवृत्त नौदल अधिकारी लॉर्ड गॅम्बियर यांच्या बागेत विल्यम थॉम्प्सन नावाचा माळी हेच करत होता. रानटी फुलाच्या तोंडावर फक्त बारीक गडद रेषा असतात, मांजराच्या मिशांसारख्या. थॉम्प्सनला एका रोपावर रेषांऐवजी सलग काळा डाग दिसला. त्याने ते रोप जपलं, त्याचं बी धरलं. १८३९ मध्ये आलेली त्याची 'मेडोरा' ही जात प्रसिद्ध झाली, आणि माकडतोंडी फुलं सगळीकडे पसरली. पुढे पिरेनीज पर्वतातल्या एका काटक जातीशी संकर होऊन आजच्या बागेतले व्हायोला आले. चार्ल्स डार्विनने १८६८ मधल्या पुस्तकात या फुलाचा दाखला दिला, इतक्या थोड्या वर्षांत ते इतकं बदललं होतं.

या गोष्टीत मला एक गंमत वाटली. मालकाचं नाव इतिहासात राहिलं, पण माळ्याचंही राहिलं. रिचर्डसन, थॉम्प्सन.

डब्यात बंद हिवाळा

पॅन्सी थंड हवेची. बी रुजायला साधारण १८ ते २० अंश तापमान आणि अंधार लागतो. म्हणून बियांवर मातीचा पातळ थर द्यायचा. तापमान पंचविशीच्या वर गेलं की उगवण घसरत जाते, तिशीजवळ बरंचसं बी झोपूनच राहतं. रोप मोठं झालं तरी उन्हाळा त्याला मानवत नाही. दांडे लांबतात, फुलं बारीक होतात, गरम ओल्या मातीत मुळं कुजतात. उलट थंडीला ते घाबरत नाही. रात्री दहिवर गोठून पानं माना टाकतात आणि सकाळी ऊन आलं की परत उभी राहतात.

इंग्लंडमध्ये म्हणून उन्हाळ्यात बी पेरायचं, रोपं थंडीतून काढायची आणि वसंतात फुलं बघायची, असा क्रम. हाच क्रम घेऊन कोणी मुंबई इलाख्यात आलं तर काय होणार? जूनमध्ये पेरलेलं बी पावसात सडणार. मार्चमध्ये पेरलेलं एप्रिलच्या उन्हात करपणार.

बी इथवर पोचवणं हाच पहिला प्रश्न होता. शिडाच्या जहाजावर आफ्रिकेला वळसा घालून येण्यात महिने जायचे. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि आगबोटीने हे अंतर काही आठवड्यांवर आलं. रीडिंग गावच्या सटन यांच्यासारखे बी-व्यापारी हवाबंद डब्यांत बी पाठवायला लागले, कारण बियांचा खरा शत्रू आपला पावसाळा. फेब्रुवारीत घरच्या झाडाचं बी धरलं तरी ते ऑक्टोबरपर्यंत टिकवायचं म्हणजे मधला उन्हाळा आणि चार महिन्यांची दमट हवा पार करायची. उघड्या पुडीतलं बी त्यात मरतं. म्हणून दर वर्षी नवा डबा.

दुसरा प्रश्न कॅलेंडरचा. बंगालमध्ये पाद्री असलेल्या थॉमस फर्मिंजर यांनी १८६० च्या दशकात हिंदुस्थानातल्या बागकामावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे कित्येक दशकं निघत राहिल्या. बागेची हौस असलेल्या साहेब-मेमसाहेबांना विलायती सवय मोडायला सांगणारं ते पुस्तक होतं. विलायती मोसमी फुलांचं बी मैदानी भागात वसंतात नाही, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात पेरायचं. आपला हिवाळा हाच त्या झाडांचा वसंत समजायचा.

झाड बदललं नाही, पेरणी सहा महिने सरकवली. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर तोच, टाइमझोन बदलला.

पण हिंदुस्थानला एकच टाइमझोन पुरत नाही. सिमला-काश्मीरला पॅन्सी उन्हाळ्यात फुलते. दिल्लीला जानेवारी ते मार्च. मुंबईत आणि कोकणपट्टीत हिवाळाही दमट आणि उबदार, तिथे ती जेमतेम जगते. महाबळेश्वरला हवा थंड, पण पावसाळा असा की वाफ्यातली मातीच वाहून जाते. बंगालच्या पाद्र्याचा ऑक्टोबर दख्खनच्या पठारावर जसाच्या तसा चालेल असं नव्हतं.

गणेशखिंड

पठाराचं कॅलेंडर ज्या ठिकाणांवर तपासलं गेलं, त्यातलं एक म्हणजे पुण्याची गणेशखिंड. गव्हर्नरच्या निवासस्थानाजवळ, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाशेजारी, १८७३ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. त्याचा कारभार पुढे जॉर्ज मार्शल वुड्रो यांच्याकडे होता. त्यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर एक पुस्तक लिहिलं, त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पश्चिम भारतातल्या वनस्पतींच्या त्यांच्या याद्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आल्या.

मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. वुड्रो शिकवायचे कुठे? पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. हे कॉलेज म्हणजे १८५४ मध्ये सुरू झालेल्या इंजिनिअरिंग वर्गाचं पुढचं रूप, आणि १९११ मध्ये त्याचं नाव झालं कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. म्हणजे आजचं सीओईपी. पुण्याचं शेतकी कॉलेज १९०७ मध्ये वेगळं झालं, तोवर पूल बांधायला शिकणारी आणि पिकं ओळखायला शिकणारी मुलं एकाच छताखाली होती. मी दुसऱ्या कॉलेजात शिकलो, पण आमच्या सगळ्यांची धारणा तीच : झाडंबिडं हे आपलं काम नाही. त्या छताखाली एके काळी ते काम होतं.

वुड्रोंच्या पुस्तकाची इंटरनेटवर स्कॅन केलेली पानं मी चाळली. फर्मिंजरचीही. माती, खत, रोपांमधलं अंतर, महिना, सगळं आहे. प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी उकिडवं बसून बी टाकलंय, झारीने पाणी दिलंय, मेलेलं रोप उपटून पुन्हा टाकलंय. त्या माणसाचं नाव मला मी चाळलेल्या पानांत सापडलं नाही. तो फक्त 'माळी' आहे. रिचर्डसन आणि थॉम्प्सन तिकडेच राहिले.

दोन थॉम्प्सन

नाशिकला आता यायला हवं, कारण थंड हवेच्या झाडाला गरम मुलखात वेळापत्रक शिकवणं हे काम या जिल्ह्याइतकं कोणी केलं नसेल. फुलांशी नातं जुनंच. मुघल काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, फुलांच्या बागेचं शहर. पेशवाईत ते पुन्हा नाशिक झालं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंची, त्यामुळे हिवाळ्याच्या रात्री खऱ्या थंड. जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर कधी कधी पाचच्याही खाली. पॅन्सीला याहून काय हवं?

पण नाशिकने ही थंडी वापरली ती द्राक्षासाठी. ओझरला १९२५ मध्ये रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली, तिथून जिल्ह्याच्या द्राक्षशेतीची सुरुवात सांगतात. मूळच्या थंड मुलखात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. वर्षाला एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे वेल झोपतच नाही. मग शेतकऱ्याने तिला दोनदा छाटायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे उन्हात नव्या काड्या वाढतात आणि त्यांच्या डोळ्यांत घडाची तयारी होते. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, म्हणजे ते डोळे फुटतात आणि फळ थंडीत वाढून उन्हाळ्याच्या तोंडावर उतरतं. निसर्गातला हिवाळा मिळाला नाही म्हणून कात्रीने तयार केलेला हिवाळा.

त्याच गणेशखिंडीच्या बागेत पुढे डॉ. चीमा यांनी द्राक्षाची एक जात निवडली, ती 'चीमा साहेबी' म्हणून गाजली. नंतर बिनबियांची 'थॉमसन' आली आणि तिने जिल्हा व्यापला. मूळची ही पश्चिम आशियातली जुनी किसमिसची जात. कॅलिफोर्नियात १८७२ मध्ये एका मूळच्या इंग्रज माणसाने तिच्या काड्या मागवून लावल्या, म्हणून तिला त्याचं नाव पडलं. त्याचं नावही विल्यम थॉम्प्सन. पॅन्सीवाल्या माळ्याशी त्याचा काही संबंध नाही. पण माझ्या गच्चीवर एका थॉम्प्सनचं फूल आणि आमच्या मामांच्या पिंपळगावच्या मळ्यात दुसऱ्या थॉम्प्सनचं फळ, हे कळल्यावर मी मामांना रात्री दहाला फोन केला. ते म्हणाले, "झोप आता. उद्या डिपिंग आहे."

देवळालीचंही घड्याळ थंडीवरच चालायचं. ब्रिटिश काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथल्या छावणीत येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत. सैन्याची जहाजं फक्त थंडीच्या मोसमात सुटायची. शेवटचं जहाज चुकलं की उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढायचा. त्यातून इंग्रजीत वेड्यासाठी 'डूलॅली' हा शब्द रुजला. देवळालीचंच बिघडलेलं रूप. ती माणसं गेली, बंगल्यांचे मालक बदलले, वाफे राहिले. त्यातल्या एका वाफ्यावर माझे आजोबा लागले, स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षांनी. फर्मिंजर किंवा वुड्रो हे शब्द त्यांनी ऐकले नसतील. पण पुस्तकातला ऑक्टोबर एका माळ्याकडून दुसऱ्याकडे येत येत त्यांच्यापर्यंत 'दसरा' होऊन पोचला होता.

थांबलो

आणि तिथेच माझी चूक होती. हे इतकं उशिरा सुचलं याची लाज वाटते. दसरा ही तारीखच नाही. २०२१ मध्ये दसरा १५ ऑक्टोबरला होता. २०२२ मध्ये ५ ऑक्टोबरला. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे थेट २४ ऑक्टोबरला. एकोणीस दिवसांचा फरक. ज्या वर्षी माझी एकही बी उगवली नाही, ते २०२२. ऐन ऑक्टोबर हीटमध्ये, सिमेंटच्या गच्चीवर, काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. २०२३ मध्ये मी काहीच न बदलता चाळीसपैकी चोवीस उगवल्या, आणि त्याचं श्रेय मी दालचिनीला दिलं होतं!

मी वही पुन्हा काढली. या वेळी उत्तर शोधत नव्हतो, फक्त वाचत होतो. 'दसरा झाला. पानशी टाकली' या ओळींच्या मध्ये तीन-चार वर्षं अशी होती : 'दसरा झाला. थांबलो.' आणि सात-आठ दिवसांच्या हिशेबांनंतर, एकटाच शब्द, 'टाकली'. मी पहिल्यांदा वाचताना त्या ओळी ओलांडून गेलो होतो. किती थांबायचं, कशासाठी थांबायचं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

बाबांना विचारलं. ते पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "अण्णा पहाटे चप्पल काढून वाफ्यात उभे राहायचे. आई ओरडायची, सर्दी होईल म्हणून. ते म्हणायचे, पायाला गार लागत नाही अजून."

एवढंच. बाबांनी हे आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

२०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला आला. मी ट्रेच्या मातीत सेन्सर खुपसला आणि फोनवर आलेख बघत बसलो. दसऱ्याच्या दुपारी ट्रेमध्ये ३४ अंश. थांबलो. दिवाळी गेली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे आकडा १८ वर आला, तेव्हा मी चप्पल काढून गच्चीवर, शेवंतीच्या वाफ्यातल्या मातीवर उभा राहिलो. पायाला गार लागलं. ट्रे जिन्याखालच्या सावलीत हलवला, बी टाकलं, वर बोटभरही नाही इतकी माती, त्यावर ओला गोणपाट. बाराव्या दिवशी गोणपाट उचलला. एकतीस.

आजोबांपेक्षा मी बराच उशिरा पेरलं. हवा बदलली म्हणून, की त्यांचा वाफा आंब्याच्या सावलीत होता आणि माझा स्लॅबवर आहे म्हणून? एका गच्चीच्या चार वर्षांच्या नोंदींवरून ते ठरवता येत नाही, आणि मी ठरवत नाही. मला एवढंच कळलं की तारीख वारशाने मिळते, थांबणं वारशाने मिळत नाही. ते कोणी तरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं, आणि आजोबा गेले तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि हातात मोबाइल होता.

संक्रांतीनंतर पहिलं फूल आलं. पिवळं, मधोमध काळा डाग. बाबा चहा घेऊन गच्चीवर आले, वाकून बघितलं आणि हसले. "माकडतोंडी," ते म्हणाले. "अण्णा हेच म्हणायचे." होळीपर्यंत झाडं फुलत राहिली, गुढीपाडव्याला पिवळी पडली. मी ती उपटली आणि खताच्या ड्रममध्ये टाकली. त्यांचा मोसम संपला होता.

वहीत शेवटची काही पानं कोरी आहेत. त्यातल्या पहिल्या पानावर मी लिहिलं : 'दसरा झाला. थांबलो. पायाला गार लागल्यावर पानशी टाकली. उगवली.' खाली तारीख टाकली, १८ अंशही लिहिले. आणि सगळ्यात वर आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं. वहीवर ते कुठेच नव्हतं.